दाराची कडी आणि सरकारी बंदी

घरोघरी फिरून धर्माचा प्रचार करणाऱ्यांना दारातूनच परत पाठवणं आणि त्यांच्या फिरण्यावरच कायद्याने बंदी घालणं, या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. ती दोन्ही बाजूंनी होते. कुणाला दार लावलं की आपण असहिष्णू वागलो अशी टोचणी लागते. कुणाला वाटतं, मी नको म्हणू शकतो तर गावाने नको म्हटलं म्हणून काय बिघडलं?

बरंच बिघडतं. हे ज्यांनी कोर्टात जाऊन पुन्हापुन्हा सिद्ध केलं, ते ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे लोक अमेरिकेत दारं वाजवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. न्यू जर्सीच्या उपनगरातल्या मराठी घरांनाही ते चांगले परिचित असतील.

ओहायो राज्यातलं स्ट्रदर्स हे पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यातलं गाव. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपायचे. म्हणून गावाने नियम केला, की पत्रकं वाटायला कुणीही कुणाच्या दाराची बेल वाजवायची नाही. या पंथाच्या एका बाईने धार्मिक सभेचं आमंत्रण द्यायला बेल वाजवली आणि तिला दहा डॉलर दंड झाला. 1943 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा काठावरच्या मतांनी तो नियम रद्द केला. गावाचं कारण काही खोटं नव्हतं. रात्रपाळीवाल्याची झोपमोड ज्याने भोगली आहे त्याला विचारा. पण न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचं म्हणणं साधं होतं. कुणाचं ऐकायचं हे घरात राहणारा ठरवेल, नगरपालिका नाही. ज्याला त्रास नको त्याने तसं कळवावं, आणि तरीही कुणी बेल वाजवली तर त्याला शिक्षा करणारा कायदा खुशाल करावा.

म्हणजे बेल वाजवण्याचा हक्क आहे, दार उघडून घेण्याचा नाही. माझा नकार माझ्या उंबरठ्यापुरता असतो. गावाची बंदी शेजारच्या आजींनाही लागू होते, आणि त्यांना कदाचित दोन घटका बोलायला कुणीतरी हवंच असतं.

याच ओहायोतल्या स्ट्रॅटन नावाच्या चिमुकल्या गावाच्या नियमात तर दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या. एक कलम म्हणत होतं, घरोघरी जायचं तर आधी महापौरांच्या कार्यालयातून परवाना घ्या. दुसरं म्हणत होतं, ज्या रहिवाशाला कुणी यायला नको असेल त्याने फॉर्म भरून द्यावा आणि दारावर पाटी लावावी. 2002 मध्ये धर्मप्रचारकांना परवान्याची सक्ती 8 विरुद्ध 1 मतांनी घटनाबाह्य ठरली. पाटीच्या कलमाला मात्र कुणी आव्हानच दिलं नव्हतं. उलट, पाटी आणि तोंडी नकार एवढं संरक्षण रहिवाशाला पुरेसं आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

बोलणं झोंबणारं असेल तर? अमेरिकेतल्याच न्यू हेवन शहरात याच पंथाच्या एका प्रचारकाने रस्त्यात दोन माणसांना विचारून ग्रामोफोनची रेकॉर्ड लावली. माणसं कॅथलिक निघाली आणि रेकॉर्डमध्ये कॅथलिक चर्चवर आगपाखड! दोघे हात उगारायच्या बेतात आले. ‘चालता हो’ म्हटल्यावर तो निमूट चालता झाला. शांतताभंगाबद्दल त्याला दोषी धरलं गेलं, पण 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने रद्द केलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं निघून जाणं. तो तिथेच ठाण मांडून बसला असता, तर मामला वेगळा झाला असता.

ग्रीसमध्ये कायदाच धर्मप्रसाराच्या विरोधात होता. क्रीट बेटावर याच पंथाचे मिनोस कोक्किनाकिस हे गृहस्थ आणि त्यांची पत्नी 1986 मध्ये एका बाईंच्या घरी गेले, धर्माबद्दल बोलले. बाईंचा नवरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गायक. त्याने पोलिसांना कळवलं. बाईंच्या अननुभवाचा आणि भोळेपणाचा फायदा घेतला, असं ग्रीक न्यायालय म्हणालं. आता त्या बाईंना स्वतःचं डोकं नव्हतं असं धरूनच हा निकाल उभा राहतो ना? 1993 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने कोक्किनाकिस यांच्या बाजूने कौल दिला, पण आपलं म्हणणं पटवणं वेगळं आणि आमिष किंवा दडपण वेगळं, हा भेदही मान्य केला.

आपल्याकडे संविधानाच्या 25व्या अनुच्छेदात ‘प्रसार’ हा हक्क आहेच. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं त्यात येतं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्यातून लोक परस्पर ‘प्रचारच बेकायदा’ असा अर्थ काढतात. तसा तो नाही. नकाराला आणि बंदीला तिसरा पर्यायही मुंबईने पाहिला आहे. 1857 मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते.

राहता राहिली सोसायटीच्या गेटवरची ‘प्रचारकांना प्रवेश नाही’ ही पाटी. ती सरकारची नाही, आणि तुमची एकट्याचीही नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं चिकसॉ हे गाव एका कंपनीच्या मालकीचं होतं; त्याबद्दल 1946 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की मालकी खासगी असली तरी रस्ते सार्वजनिक रस्त्यांसारखे वापरात असतील तर पत्रकं वाटणाऱ्याला हाकलता येत नाही. चार इमारतींची सोसायटी म्हणजे गाव नव्हे, हे खरं. तरी कमिटीने सगळ्यांच्या वतीने ठराव करण्यापेक्षा, ज्याला नको त्याने वॉचमनला इंटरकॉमवर ‘नको’ सांगावं. दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या बाबतीत तो तसाही फोन करून विचारतोच.