ब्राउझर कोणता टाकायचा? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

लॅपटॉप फॉरमॅटला आला की आम्ही विचारतो ब्राउझर कोणता टाकू, तर दहातले नऊ जण म्हणतात "टाका की क्रोम, दुसरं काय असतंय". दुसरं असतंय, आणि हल्ली मोंढ्यातले काही व्यापारी आणि कॉलेजची पोरं स्वतःहून विचारायलेत, म्हणून हे पत्रक छापलं. कुठल्याच ब्राउझरवाल्याकडून आम्हाला कमिशन नाही.

ब्राउझर फुकट मिळतो, मग कंपनीचं भागतं कशावर हे आधी बघा. क्रोम गूगलचं, २००८ पासून, आणि गूगलची मोठी कमाई जाहिरातीची. क्रोममध्ये लॉगिन करून सिंक चालू ठेवलं की तुमची हिस्ट्री गूगलच्या खात्यात जाते (सेटिंगमध्ये बंद करता येतं, पण कोण जातंय तिथं). त्यात भर कुकीची, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीची. एका साइटवर फवारणीचा पंप बघितला आणि पुढचे आठ दिवस बातम्या वाचताना, क्रिकेटचा स्कोअर बघताना तोच पंप दिसायला लागला, हे काम बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीनं मधेच ठेवलेल्या कुकीचं, ज्याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. ॲपलच्या सफारीनं या कुकी २०२० लाच पूर्ण अडवल्या, फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटची कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली म्हणजे एकीची दुसरीला दिसत नाही. क्रोमनंपण २०२० मध्ये जाहीर केलं होतं की आम्ही बंद करणार, मग तारीख पुढं ढकलली, परत ढकलली, आणि २०२४ मध्ये म्हणाले राहू द्या. जाहिरातवाल्याच्याच हातात कुलूप दिल्यावर वेगळं काय होणार!

इनकॉग्निटोबद्दल लई गैरसमज आहे. काळ्या खिडकीत उघडलं म्हणजे कुणाला कळत नाही असं नाही. घरातल्या दुसऱ्याला हिस्ट्री दिसत नाही, एवढंच. साइटला कळतं, नेटवाल्यालाही तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं. यावरून अमेरिकेत गूगलवर केस झाली आणि २०२४ च्या तडजोडीत असा गोळा केलेला डेटा पुसायचं त्यांना मान्य करावं लागलं.

आता बाजाराचं. जगात साधारण तीनात दोन लोक क्रोम वापरतात, आपल्याकडं त्याहून जास्त. एज, ओपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही नावं वेगळी पण आतलं इंजिन (म्हणजे वेबसाइट वाचून पडद्यावर दाखवणारा भाग) क्रोमियमच, जे मुख्यतः गूगल बनवतं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनंसुद्धा २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून हेच घेतलं. वेगळी मोठी इंजिनं उरली दोनच, फायरफॉक्सचं आणि सफारीचं. मोंढ्यात खरेदीदार एकच उरला तर सोयाबीनचा भाव कोण ठरवणार हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही, इथंपण तसंच, वेबसाइट कशी चालावी ते एकच कंपनी ठरवते. हे आधी होऊन गेलंय बरं का. मायक्रोसॉफ्टचं जुनं ब्राउझर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आलं २००१ ला, जवळपास सगळं मार्केट त्यांचं, मग पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडलं, कारण घाई कुणाला होती. तेव्हाच्या कितीतरी सरकारी साइट फक्त एक्स्प्लोररमध्ये उघडायच्या, आणि ते दुखणं पुढं कितीतरी वर्षं पुरलं.

आपल्या देशातपण यावर कारवाई झालीय. अँड्रॉइड फोनमध्ये स्वतःची ॲप आधीच भरून देण्यावरून स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला, २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

मग टाकायचं काय? आमचं मत विचाराल तर रोजच्या वापराला फायरफॉक्स, त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावायची छोटी जोड. क्रोमनं नवे नियम आणून हे एक्स्टेन्शन बंद पाडलं, फायरफॉक्समध्ये ते पूर्ण चालतं, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येपण. फायरफॉक्स अगदी स्वच्छ आहे असंही नाही, त्यांची बरीचशी कमाई गूगलच देतं, सर्चला गूगल ठेवायचे पैसे. आणि एखादी साइट त्यात अडते, तेवढ्यासाठी एज ठेवा, ते विंडोजमध्ये असतंच. क्रोमची सवय मोडवत नसेल तर ब्रेव्ह घ्या, ट्रॅकर (तुम्ही काय बघता याचा माग ठेवणारे) अडवायची सोय आतच आहे, फक्त क्रिप्टोची बटणं आम्ही बंद करून देतो. भारतीय पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी झोहोचा उला आहे, इंजिन मात्र क्रोमियमच. आयफोनवाल्यांनी काहीही टाकलं तरी आपल्या देशात आत सफारीचंच इंजिन चालतं.

यूसी ब्राउझर अजून काही जुन्या फोनमध्ये दिसतो. जून २०२० मध्ये ज्या ५९ ॲपवर बंदी आली त्यात तो होता, काढून टाका.

कोपऱ्यात सारखं "व्हायरस सापडला" येतंय म्हणून जे लॅपटॉप आमच्याकडं येतात, त्यात पुष्कळदा व्हायरस नसतोच, कुठंतरी नोटिफिकेशनला अलाऊ दाबलेलं असतं. सेटिंगमधून दोन मिनिटांत निघतं, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

ब्राउझर बदलताना बुकमार्क आणि पासवर्ड नव्यात आणता येतात, तेही फुकट करून देऊ, पण पासवर्ड तुमचे तुम्ही टाका, आमच्या पोरांना सांगू नका. आणि पासवर्डची फाइल काढून आणली असेल तर ती उघड्या अक्षरात असते, कुणीपण वाचू शकतं, काम झालं की ती डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनपण उडवून मगच घरी जा.