कंपासच्या सहा पाकळ्या

लातूरला भावाकडे गेले की भाची दारातच दप्तर उपडं करते. नवीन काय काय झालं ते आत्याला दाखवायचं असतं. या खेपेला मात्र ती दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. सातवीतली पोर. "आत्या, उद्या गणिताचा पेपर आहे. सगळं येतंय मला, पण पोटात कसंतरीच व्हायलंय."

ज्या गावानं 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजवला, तिथं हे 'कसंतरीच' फार लवकर सुरू होतं. मी समजूत काढायच्या भानगडीत पडले नाही. तिच्याच कंपासपेटीतला कंपास घेतला, वहीच्या मागच्या पानावर एक वर्तुळ काढलं आणि कंपास तिच्या हातात दिला. "अंतर हलवू नको. कडेवर कुठंही टोक रोव आणि आतून कमान काढ. कमान जिथं कडेला टेकेल, तिथं पुन्हा टोक रोव."

सहाव्या कमानीला फूल पूर्ण झालं, सहा पाकळ्यांचं. टोक पुढं सरकवलं तर बरोबर पहिल्याच भोकात जाऊन बसलं. "बरोब्बर कसं काय आलं?" त्रिज्येएवढं अंतर घेतलं की केंद्राशी 60 अंशांचा कोन होतो आणि 360 मध्ये 60 सहा वेळा बसतात, हे मी तिला नंतर सांगितलं. त्या वेळी तिला उत्तर नकोच होतं. ती रंगपेटी शोधायला उठली होती.

याला हल्ली सगळे 'मंडला आर्ट' म्हणतात. स्टेशनरीच्या दुकानात छापील वह्या मिळतात, त्यांच्या पाठीवर 'उजवा मेंदू जागा होतो' असलं काहीबाही लिहिलेलं असतं. ते सोडून द्या. चित्र काढताना मेंदूचे दोन्ही भाग कामाला लागतात, एक झोपतो आणि दुसरा उठतो असं होत नाही. मूळ शब्द संस्कृतातला 'मंडल'. ऋग्वेदाची दहा मंडलं आणि आपलं गल्लीतलं गणेश मंडळ ही सगळी एकाच घरातली.

आणि मंडल गोलच असतं असंही नाही. वेरूळला 12 क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे 'तीन ताल'मध्ये, भिंतीवर नऊ चौकोनांचा एक शिल्पपट आहे. मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. तेही मंडलच. कैलास बघून दमलेली मंडळी तिकडं फारशी फिरकत नाहीत. फिरकावं. पुढच्या प्रयोगाशी त्या नऊ घरांचं नातं आहे.

मंडलाला मानसशास्त्रात आणलं स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला, 1918-19 च्या सुमारास, ते स्वित्झर्लंडमधल्या एका नजरबंदी छावणीचे अधिकारी होते. तिथं रोज सकाळी वहीत एक लहानसं वर्तुळाकार चित्र काढायचं, असा त्यांचा नेम होता. त्या दिवशीचं मन चित्रात उतरतं, असं त्यांचं निरीक्षण. पण ते एका माणसाचं, तेही स्वतःबद्दलचं. मोजमाप व्हायला पुढची ऐंशीहून जास्त वर्षं गेली.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या नॉक्स कॉलेजात 2005 साली करी आणि कॅसर या दोघांनी 84 विद्यार्थी घेतले. आधी त्यांना आपला सगळ्यात भीतीदायक प्रसंग लिहायला लावून मुद्दाम अस्वस्थ केलं. मग तीन गट केले. एकाला रंगवायला मंडल दिलं, दुसऱ्याला आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकडीची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद. मंडलवाल्यांची चिंता उतरली. चौकडीवाल्यांचीही जवळपास तेवढीच उतरली. मागं राहिला तो कोरा कागद. म्हणजे किमया गोलाची नव्हती, आखून दिलेल्या घरांची होती. वेरूळच्या त्या नऊ चौकोनांचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. आणि आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीचंही.

विज्ञान मात्र एका प्रयोगावर थांबत नाही. 2012 मध्ये 50 प्रौढांवर हाच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी मंडल पुढं गेलं आणि चौकडी कोऱ्या कागदाच्या रांगेत जाऊन बसली. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी 52 शाळकरी मुलं घेतली. चाचणीच्या आधी निम्म्यांनी मंडल रंगवलं, निम्म्यांनी मनाला येईल ते चित्र काढलं. परीक्षेची धास्ती दोन्हीकडं कमी झाली!

ही गफलत नाही, यात गंमत आहे. माझा अंदाज असा, की कोऱ्या कागदाची भीती ही मोठेपणी जडणारी गोष्ट आहे. 'मला कुठं चित्र काढता येतं' हे वाक्य चार वर्षांच्या पोराच्या तोंडून कधी ऐकलंय? रोडा केलॉग नावाच्या अमेरिकन शिक्षिकेनं बालवाडीतल्या मुलांची सुमारे दहा लाख चित्रं जमवली होती. गिरगोट्यातून बाहेर पडणारं मूल एका टप्प्यावर आपणहून वर्तुळ काढतं आणि त्यात फुली मारतं, हे तिनं नोंदवलं. त्या आकाराला तिनं नावही 'मंडल'च दिलं. पुढं माणसं काढायला लागेपर्यंत मूल त्या वर्तुळाला किरण जोडतं, सूर्य करतं, त्यालाच हातपाय फोडतं.

रंगवताना डोक्यात काय चालतं? एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशी जागा आपल्याकडं फार थोडी असते. मानसशास्त्रात तिला 'कार्यकारी स्मृती' म्हणतात. तिचा एक कप्पा दृश्यांचा. काळजीही बऱ्याचदा दृश्य होऊनच येते. कोरी राहिलेली उत्तरपत्रिका, बाबांचा चेहरा. कुठली पाकळी कुठल्या रंगाची, रेघ कुठवर न्यायची, शेजारचं घर रिकामं ठेवायचं का, हे सगळं त्याच कप्प्यात येऊन बसलं, की त्या चेहऱ्याला जागा अपुरी पडते. ऑक्सफर्डच्या एमिली होम्स यांनी 2009 मध्ये हे वेगळ्याच वाटेनं दाखवलं. अंगावर काटा आणणारी दृश्यं पाहिल्यावर अर्ध्या तासानं ज्यांनी 'टेट्रिस' हा ठोकळ्यांचा खेळ खेळला, त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. हे नक्षीकाम फार सोपं असलं तर मन पुन्हा भटकतं आणि फार बारीक असलं तर मूल वैतागतं. पहिलीतल्या मुलासमोर मोठ्यांची केसाएवढ्या रेघांची वही ठेवणं हा छळ आहे. त्याला वाटी पालथी घालून एक गोल काढून द्या, बस्स.

सजगता किंवा माइंडफुलनेस म्हणतात त्याचे दोन भाग असतात. लक्ष आत्ता समोर आहे त्यावर ठेवायचं आणि ते चांगलं की वाईट याचा निवाडा करायचा नाही. दुसरा भाग आपण मोठी माणसंच मातीत घालतो. माझ्या ओळखीतल्या एका शाळेत 'ताणमुक्तीसाठी मंडला स्पर्धा' झाली. वेळ अर्धा तास, पहिले तीन क्रमांक, उत्तेजनार्थ दोन. एका मुलानं शेवटच्या पाच मिनिटांत कागद चुरगाळून बाकाखाली टाकला, कारण एक रेघ बाहेर गेली होती. ताण नव्हता तिथं आणून दिला. तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचं मंडल दिवसेंदिवस घडवतात आणि पूर्ण झालं की झाडून एकत्र करतात. आपल्या अंगणातली रांगोळीही दुसऱ्या दिवशी सडा टाकताना जातेच की. तिला गुण कोण देतं?

म्हणून मला डाळींचं मंडल आवडतं. लातूरच्या घरात डाळीला तोटा नाही. ताटात मधोमध हरभरा, भोवती तूर, मग मूग, मग उडदाचा काळा गोल. चुकलं तर दाणा सरकवायचा, खोडरबर लागत नाही. आणि रात्री सगळं निवडत बसायचं, तेही एक कामच.

पण याचं औषध करू नका. ब्रिटनमध्ये 85 शाळांतली 8,000 हून जास्त मुलं घेऊन, सुमारे निम्म्या शाळांत वर्गात सजगतेचे धडे देऊन पाहिले आणि बाकीच्यांत नेहमीचंच शिकवणं चालू ठेवलं. 2022 मध्ये निकाल आला. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्या धड्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. बीडकडच्या ज्या पोराचे आई-बाप दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्याची काळजी कागदावरची नाही, खरी आहे. त्याला रंगपेटीच्या आधी माणूस लागतं. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा.

भाचीचं दुसरं फूल त्या रात्री पुरं झालं नाही. दुसऱ्या वर्तुळात कंपास जरा सैल झाला होता, त्यामुळं सहावी पाकळी पहिलीला टेकलीच नाही, मध्ये बोटभर फट राहिली. तिनं थोडा वेळ त्या फटीकडं पाहिलं. मग तिथं एक मुंगी काढली. "आत जायलीय," म्हणाली आणि दिवा घालवून झोपली.