आधी फेसिंग, नंतर सफाई: लाकडी पेनच्या टोकांची दोन कामं

लेथवर लाकडी पेन करायला शिकणाऱ्याचं घोडं बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर अडतं. बॅरल, म्हणजे पेनचं लाकडी अंग, सुरेख उतरलेली असते, पॉलिशला चकाकी आलेली असते, आणि निबकडचा धातूचा भाग प्रेसमध्ये दाबून बसवताना कडेला पांढरी रेघ उमटते. नाहीतर लाकूड आणि धातू यांच्यात कागद जाईल एवढी फट राहते. आजूबाजूचे सांगतात, "फेसिंग नीट मारलं नाहीस." म्हणजे टोक सपाट, काटकोनात कापलं नाहीस. कधी ते खरं असतं. बऱ्याचदा मात्र फेसिंग चोख असतं, राहिलेली असते ती पॉलिशनंतरची सफाई, म्हणजे टोकावर उतरलेलं पॉलिश काढणं.

आमच्या सांगलीत हा घोळ जरा जास्तच होतो. कुपवाड एमआयडीसीत लोखंडावर हात बसलेला माणूस हौसेनं लाकडाकडे वळतो. लोखंडाच्या जॉबला फेसिंग अगदी शेवटी मारलं तरी बिघडत नाही, टूलला धार असली की झालं. पॉलिश चढलेल्या लाकडाला ते चालत नाही.

फेसिंग होतं ते बॅरल कातायच्याही आधी. ठोकळा पितळी नळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब कापायचा, भोक पाडायचं, नळी चिकटवायची. नेहमीच्या बारीक ट्विस्ट पेनला ही नळी ७ मिलिमीटर व्यासाची असते. ग्लू वाळला की नळीच्या पुढे आलेलं जादा लाकूड काढून टोक नळीशी बरोबर गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायचं. त्यासाठी बॅरल ट्रिमर मिळतो: नळीत जाणारा दांडा आणि त्याच्या मुळाशी चार किंवा सहा धारांचं कटर. दांडा नळीत ढिला बसत असेल तर कटर कितीही चांगलं असो, गुण्या चुकणारच. म्हणून जाड नळीला जाड दांडा, नाहीतर दांड्यावर चढवायची बाही लागते. टोक काळ्या मार्करनं रंगवून घ्यावं, म्हणजे कटर कुठे लागलं नाही ते लगेच दिसतं. पितळेची कड सगळीकडून चमकली की थांबायचं. बाभळीसारखं कडक लाकूड असेल तर टोकाला आधी पातळ सुपरग्लू पाजलेला बरा, म्हणजे कडेची ढलपी उडत नाही.

इथे गुण्या चुकला तर त्याची किंमत पुढे मोजावी लागते. बॅरल मँड्रेलवर, म्हणजे लेथमध्ये बसणाऱ्या सळईवर, दोन बुशांमध्ये (धातूच्या कड्यांमध्ये) आवळली जाते. टोक तिरकं असेल तर नट आवळताना मँड्रेलची सळई किंचित वाकते, बॅरल डोलत फिरते, आणि लाकूड एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ राहतं. नंतर पेपर मारून हे निस्तरता येत नाही.

सफाईचा लाकडाशी फारसा संबंधच नाही, ती आहे पॉलिशच्या पापुद्र्याची. पॉलिश म्हणून सुपरग्लूचे हातावर हात, म्हणजे थरावर थर, देताना प्रत्येक हात थोडा कडेवरून उतरतो आणि बॅरल व बुश यांच्या सांध्यात भरतो. बुश सोडवताना 'टक्' असा आवाज येतो आणि टोकावर काचेसारखी दातेरी झालर उरते. डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते. धातूचा भाग दाबताना तो पितळेवर न टेकता या झालरीवर टेकतो. सगळा दाब पापुद्र्यावर येतो, पापुद्रा लाकडापासून सुटतो आणि खाली हवा शिरते. पांढरी रेघ दिसते ती हीच.

ही झालर काढायला ट्रिमर ड्रिलला लावून फिरवणं म्हणजे हातचं काम घालवणं. सुपरग्लूचा थर कडक, पण ठिसूळ. कटर त्यात अडकलं की कडेची कपची उडते आणि तडा बॅरलच्या अंगावर जातो. शिवाय कटर पितळही खातं. एकाच बॅरलच्या क्लिक पेनमध्ये लांबी मिलिमीटरभर घटली, तरी मिटलेल्या पेनातून रिफिलचं टोक डोकावायला लागतं. काही मुरलेले कारागीर ट्रिमर नुसत्या हातानं, अलगद फिरवून हेच काम करतात आणि धार नवी असेल तर ते जमतंही. शिकणाऱ्यानं मात्र या टप्प्यावर तो पेटीतच ठेवावा असं माझं मत आहे.

त्यापेक्षा बुश काढण्याआधी, लेथ हळू चालू असताना, सांध्यावर स्क्यूच्या (तिरप्या धारेच्या पटाशीच्या) टोकानं पॉलिशपुरती रेघ मारून घ्या, म्हणजे बुश सुटताना पापुद्रा सोबत ओढला जात नाही. मग एका सपाट लाकडी चकतीच्या मधोमध नळीत नेमका बसणारा दांडा उभा करा, चकतीवर ४०० नंबरचा पेपर चिकटवा, बॅरल दांड्यावर चढवून हातानंच फिरवा. नुसत्या हातात धरून पेपरवर घासली तर ती कलते, आणि मेहनतीनं आणलेला गुण्या जातो. दोन-चार फेऱ्या झाल्या की उचलून बघा. इथेही थांबायची खूण चमकतं पितळच, आणि गफलत होते ती इथेच. फेसिंगमध्ये त्या खुणेपर्यंत लाकूड कापत जावं लागतं. सफाईत पितळ आधीच जागेवर असतं, वर फक्त पापुद्रा असतो. चमक आल्यावरही हात चालू राहिला तर तुम्ही पेनाची लांबी घासताय.

शेवटी ६०० नंबरचा हलका हात. धातूचा भाग न दाबता नुसता टेकवून ट्यूबलाइटकडे धरा, मधून उजेड दिसता कामा नये. नळीच्या आत ग्लूचा थेंब उतरला असेल तर तो बारीक गोल कानशीनं काढा. एवढ्याशा थेंबानंही फिटिंग जास्त घट्ट होतं आणि दाबताना बॅरल उभी चिरते.

मिरजेत तंबोऱ्याला करतात तसं लाखेचं पॉलिश किंवा नुसतं मेण लावलं असेल तर झालर नावालाच असते, पेपरची एखादी फेरी पुरते.

एक गोष्ट मात्र झालरीच्या बाजूनं सांगायला हवी. पाणी लावून बारीक पेपरनं पॉलिश घासताना तीच टोकं बंद ठेवते. आधी सफाई केली तर पाणी उघड्या टोकातून लाकडात शिरतं आणि कडेपासून पॉलिश उचलायला लागतं. म्हणून पाण्याचं सगळं काम आधी उरकून, बॅरल पुसून, मग बुश सोडवावेत. आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सफाई झालेलं टोक तसंच उघडं ठेवू नये. टूथपिकनं फक्त लाकडाच्या कड्याला पातळ ग्लूचा पुसट हात द्यावा, पितळेला लागू देऊ नये, आणि पूर्ण वाळल्यावरच प्रेस हातात घ्यावा.