‘घाशीराम’ ते ‘ब्लॅक बॉक्स’ : पुण्यातील स्वतंत्र नाट्यगटांची पार्श्वभूमी

पुण्यातील प्रायोगिक नाट्यगटांच्या नावामागे ‘स्वतंत्र’ हे विशेषण आता इतके सवयीने लागते की हे स्वातंत्र्य मुळात कोणापासून घेतले गेले, याचा विसर पडतो. सरकारी बंदी किंवा व्यावसायिक निर्मात्यांची सत्ता ही कारणे सहज सुचतात. पुण्याच्या बाबतीत मात्र पहिली मोठी फारकत झाली ती घरच्याच संस्थेशी.

भालबा केळकर, श्रीराम लागू प्रभृतींच्या पुढाकाराने उभी राहिलेली प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडची ‘पीडीए’, ही १९५० च्या दशकातील पुण्याची नव्या विचारांची हौशी संस्था होती. याच संस्थेने १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. रंगमंचावर ओळीने उभे राहून गाणारे, डुलणारे ब्राह्मण हाच या नाटकाचा पडदा होता: ती रांग प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभी राहिली की तिची भिंत होई, आणि भिंतीमागे काय चालले आहे हे न दाखवताही सर्वांना कळत असे. रंगवलेल्या पडद्यांवर वाढलेल्या शहराला ही युक्ती नवी होती; ज्यांना आशय खुपला त्यांनाही ती विसरता आली नसावी.

एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनीच नाटक थांबवले. इतिहासाचा विपर्यास आणि ब्राह्मणांची बदनामी हे त्यावरचे मुख्य आक्षेप होते. तरुण मंडळी पीडीएतून बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, ‘थिएटर अकादमी’ स्थापन झाली. ‘घाशीराम’ १९७४ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि १९८० मध्ये, बराच विरोध पत्करून, युरोपलाही गेले.

या मंडळींना हे धाडस परवडले याचे एक साधे कारण होते, ते म्हणजे त्यांचे पोट नाटकावर नव्हते. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, तर सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. दिवसा नोकरी किंवा दवाखाना आणि संध्याकाळी तालीम या रहाटीत ‘बुकिंग’ची धास्ती नव्हती, म्हणूनच आळेकरांच्या ‘महानिर्वाण’सारखे नाटक १९७४ मध्ये शक्य झाले. चाळीत मरून पडलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतात, या कल्पनेवर पैसा लावणारा व्यावसायिक निर्माता त्या काळी मिळणे कठीणच होते. पुढे ‘बेगम बर्वे’त (१९७९) त्यांनी संगीत नाटकाच्या वैभवाकडे उदबत्त्या विकणाऱ्या एका माजी, दुय्यम स्त्री-पार्टीच्या, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाच्या, नजरेने पाहिले, आणि मराठी रंगभूमीच्या स्मरणरंजनाची इतकी हळवी, तरीही इतकी निर्दय तपासणी त्यानंतर क्वचितच झाली आहे.

नव्या माणसांचा पुरवठा महाविद्यालयांतून होत राहिला. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा भर नेपथ्याच्या झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर राहिला. ‘अरे, आवाज कुणाचा?’ या आरोळीने भरत नाट्य मंदिर दणाणवून सोडणारी मुले पदवी हाती आल्यावर करंडकाला मुकत, मात्र गट मोडायला तयार नसत; पुण्यातील अनेक नाट्यसंस्थांचा जन्म या हट्टातच आहे. २००३ मध्ये सुरू झालेली मोहित टाकळकर यांची ‘आसक्त’ आणि काही वर्षांनी आलेली ‘नाटक कंपनी’ ही अलीकडची ठळक नावे. (‘नाटक कंपनी’ हे बिऱ्हाडासह गावोगाव फिरणाऱ्या जुन्या मंडळींचे नाव या मुलांनी थट्टेने घेतले की आदराने, हे ज्याने त्याने ठरवावे.) ‘आसक्त’ने गिरीश कर्नाडांचे बंगळूरचे कन्नड नाटक ‘उणे पुरे शहर एक’ या नावाने मराठीत करताना ते पुण्यात आणून बसवले.

या पिढीची अडचण वेगळी आहे. तिचे पोट मालिका-चित्रपटांवर चालते, मुंबई तीन-चार तासांवर आहे आणि चित्रीकरणाचे बोलावणे आले की तालीम कोलमडते. डॉक्टर-प्राध्यापकांच्या संध्याकाळी जितक्या हमखास मोकळ्या असत, तितक्या या नटांच्या नसतात.

जागेचा प्रश्न मात्र बराच सुटला. १९६८ च्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात थोड्या प्रेक्षकांचा प्रयोग हरवून जातो. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचावर पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचा श्वास ऐकू येतो, त्यामुळे आवाज ‘लावून’ बोलण्याची जुनी सवय तिथे ताबडतोब खोटी वाटू लागते. अलीकडे एरंडवण्यात ‘द बॉक्स’ हे ‘ब्लॅक बॉक्स’ पद्धतीचे, म्हणजे मंच आणि आसने हवी तशी मांडता येणारे, नाट्यगृह आल्यावर खुर्च्या कुठे मांडायच्या हाही दिग्दर्शनाचाच भाग झाला. नाटक, नृत्य, वाचन आणि दृश्यकला यांच्या सीमेवरचे प्रयोग करणाऱ्यांना अशीच जागा लागते.

त्यांच्यापुढचा पेच कागदाचा आहे. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ज्या सादरीकरणात शब्दच नाहीत, किंवा जे दर रात्री प्रेक्षकांसमोर नव्याने घडते, त्याची संहिता म्हणून लिफाफ्यात नेमके काय घालायचे?