नाव खोडलेलं साल आणि मृत्यूचं साल

आयर्लंडमधल्या पूर्वजाचा माग काढताना त्याच्या उतारवयाची वीस-पंचवीस वर्षं फार छळतात. लग्न सापडतं, मुलांचे बाप्तिस्मे सापडतात आणि मग माणूस नाहीसाच होतो. अशा वेळी दोन दप्तरं हाताशी येतात. एक, जमिनीच्या मूल्यांकनाच्या वह्या. तिकडे त्यांना ‘कॅन्सल्ड बुक्स’ म्हणतात. दुसरं, मृत्यूचं सरकारी रजिस्टर. वहीत एका सालाला नाव खोडलेलं दिसतं आणि शोधणारा तेच साल वंशावळीत मृत्यूचं म्हणून लिहून मोकळा होतो. तिथून पुढचं सगळं चुकत जातं.

सातबारा पाहिलेल्या माणसाला हा घोळ लगेच उमजेल. एका घरी आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, पण वारसनोंद केली नाही म्हणून उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव. दुसऱ्या घरी वडील धडधाकट आहेत, पण वाटण्या होऊन उताऱ्यावर मुलं आली आहेत. उतारा बघून आपण कोण हयात आहे ते ठरवत नाही. आयरिश वहीलाही हाच न्याय लावायचा.

ही वही आली कुठून? १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली आयर्लंडभर जमिनीचं आणि घरांचं मूल्यांकन झालं. नोंदीचा सगळ्यात लहान घटक टाउनलँड. असे ६० हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि काही तर चार घरांच्या वाडीएवढे. ती छापील यादी म्हणजे ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’. पुढे त्याच याद्या हस्तलिखित वह्यांत उतरवून बदल टिपले जाऊ लागले. भोगवटादार बदलला की जुन्या नावावर रेघ, वर नवं नाव आणि कडेच्या रकान्यात साल. प्रत्येक फेरीची शाई शक्यतो वेगळ्या रंगाची, त्यामुळे कुठला बदल कुठल्या सालचा हे रंगावरून जुळवता येतं. काळ्यापांढऱ्या मायक्रोफिल्मवर नेमकं हेच हरवतं, म्हणून जमेल तिथे रंगीत प्रतच पाहावी असं मी आग्रहाने सांगेन. उत्तर आयर्लंडच्या वह्या तिथल्या सरकारी अभिलेखागाराने ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. उरलेल्या भागाच्या डब्लिनला आहेत.

या वहीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: कर कोणाकडे मागायचा. माणूस जिवंत आहे की नाही याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. म्हणून रेघ उशिरा पडू शकते आणि लवकरही.

उशिरा कशी, ते आधी पाहू. म्हातारा गेला, मुलगा कर भरत राहिला आणि बदल कोणी कळवलाच नाही, तर नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्यात आयर्लंडमध्ये थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची चाल होती, आणि बापलेकांचं नाव एकच असणंही काही नवलाचं नव्हतं. पॅट्रिकनंतर पॅट्रिकच आला तर वहीत खोडायचं तरी काय? मग एकच माणूस ऐंशी वर्षं शेती करत असल्यासारखा दिसतो. मात्र नावामागे ‘रेप्स ऑफ’, म्हणजे अमक्याचे वारस, असं लिहिलेलं दिसलं तर तो माणूस गेला आहे असं धरायला हरकत नाही. नवऱ्याच्या जागी बायकोचं नाव आलं तरी बहुधा तोच अर्थ.

रेघ लवकर पडण्याची कारणं मला जास्त महत्त्वाची वाटतात, कारण तिथेच जिवंत माणसाला वंशावळीत मारलं जातं. वारसदार मुलाचं लग्न ठरलं की सोयरिकीच्या बोलणीतच शेत त्याच्या नावावर करून द्यायची रीत होती. पश्चिमेकडच्या भागात मग म्हातारा-म्हातारी घराच्या पश्चिम खोलीत राहायला जात. पुढे १९०८ चा वृद्ध पेन्शनचा कायदा आला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागलं. वर्षाचं उत्पन्न ३१ पौंड १० शिलिंगांच्या वर असेल तर पेन्शन नाही. शेत मुलाच्या नावावर केलं की ही अट पार करणं सोपं. म्हणून १९०९ च्या आसपास पडलेली रेघ दिसली की मी मृत्यूआधी पेन्शनचा विचार करते.

याची पडताळणी घरबसल्या होते. २ एप्रिल १९११ ची जनगणना पूर्ण टिकली आहे आणि ती मोफत पाहता येते. त्या घराचा फॉर्म उघडा. कुटुंबप्रमुख म्हणून मुलगा आणि खालच्या ओळीत ‘फादर’ म्हणून म्हातारा असेल, तर वहीतली रेघ हस्तांतराची होती, मरणाची नव्हती. वयावर मात्र विसंबू नका. १९०१ मध्ये साठीचा असलेला माणूस १९११ मध्ये चौऱ्याहत्तरचा झालेला सर्रास आढळतो. नेमका जन्मदिवस अनेकांना ठाऊक नव्हता, आणि आता सत्तरीला मोल आलं होतं.

मृत्यूचं रजिस्टर हा वेगळाच कागद. १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांचे मृत्यू नोंदवणं सक्तीचं झालं, तरी सुरुवातीच्या काळात बरेच सुटले. त्यात मृत्यूची तारीख आणि ठिकाण, विवाहित की विधुर, वय, व्यवसाय, कारण आणि खबर देणाऱ्याचं नाव असतं. आईवडिलांची नावं नसतात, आणि मोठी अडचण हीच. एकाच जिल्ह्यात त्याच नावाचे चार जण त्याच दशकात गेलेले असतात. तेव्हा आधी टाउनलँड जुळवा, मग खबर देणारा. मुलगा, सून, कधी शेजारीण. सहीच्या जागी फुली असली तरी शेजारी नाव लिहिलेलं असतं. तेच नाव वहीत खोडलेल्या नावाच्या वर सापडलं की दोन दप्तरांची गाठ पडली. अनुक्रमणिकेतलं साल नोंदणीचं असतं, मृत्यूचं नव्हे. डिसेंबरात गेलेला माणूस पुढच्या सालात सापडू शकतो. वय खबर देणाऱ्याच्या अंदाजाचं असतं, म्हणून पाच-दहा वर्षं इकडेतिकडे धरून शोधावं. पन्नास वर्षांहून जुन्या नोंदींच्या प्रतिमा आयरिश सरकारच्या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. थोडीफार मालमत्ता मागे ठेवली असेल, तर १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांच्या वार्षिक सूचीतही मृत्यूची तारीख मिळते.

ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्या मजुराचं नाव वहीत भोगवटादार म्हणून बऱ्याचदा येतच नाही. त्याच्यासाठी उरतं ते रजिस्टर. त्याच्या टाउनलँडच्या पत्त्यावर मृत्यू सापडला नाही तर जवळच्या शहरातलं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवायचं सरकारी घर, पाहा. त्या आवारातला दवाखाना हाच गरिबांचा दवाखाना होता, त्यामुळे घरदार असलेली माणसंही शेवटच्या आजारात तिथेच नेली जात. अशा नोंदीत ठिकाण वर्कहाउसचं आणि खबर देणारा तिथला कर्मचारी असतो, घरच्या कोणाचंही नाव नसतं. मग वर्कहाउसची भरतीची रजिस्टरं टिकली असतील तर ती काढा; माणूस कुठल्या टाउनलँडमधून आला हे त्यांत सापडू शकतं.