वॉकरमुळे बाळ लवकर चालत नाही

‘वॉकरमध्ये ठेवा, महिनाभरात धावायला लागेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो चुकीचा आहे. वॉकरमध्ये बाळ कापडी सीटवर लोंबकळत चवड्यांनी जमीन ढकलतं. टाच टेकत नाही, तोल सांभाळावा लागत नाही, आणि ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसतही नाहीत. चालायला जे शिकायचं, नेमकं तेच राहून जातं. म्हणून उलट थोडा उशीरच होऊ शकतो. शिवाय सेकंदाला तीनेक फूट वेग! जिना, उंबरठा, गरम चहाचा कप, कुठेही आपण पोहोचण्याआधी बाळ पोहोचतं. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

आजोळहून येणारा लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ मागे उभं राहून स्वतःच्या पायांवर भार घेतं. मात्र ते आधी धरून नीट उभं राहायला हवं, आणि चाकं फार सुळसुळीत नकोत, नाहीतर गाडा पुढे आणि बाळ तोंडावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अभ्यासात (त्यात भारतातली बाळंही होती) निरोगी मुलं साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागली. सुमारे 4 टक्के तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना नको. जमिनीवर सतरंजी, अनवाणी पाय, धरायला जड पलंग किंवा दिवाण, एवढं पुरतं.

दीड वर्षानंतरही बाळ चालत नसेल, एकच बाजू ओढत असेल किंवा येत असलेली हालचाल बंद झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.