ऐंशीनंतर महाधमनीच्या फुग्याचं ऑपरेशन होतच नाही?
‘ऐंशी ओलांडली की पोटातल्या महाधमनीच्या फुग्याला हात लावायचा नाही’ हा समज पोट उघडण्याशिवाय इलाज नव्हता त्या काळातला. 1990 च्या दशकापासून जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट (धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी) आत सरकवता येतो, पुष्कळदा फक्त तेवढी जागा बधिर करून. मात्र मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली साधारण 10 ते 15 मिलिमीटर निरोगी भिंत हवी. नाहीतर ग्राफ्टची वरची कड घट्ट बसत नाही, रक्त फुग्यात शिरत राहतं आणि तो फुटण्याचा धोका टळत नाही. म्हणूनच नंतरचे स्कॅन आयुष्यभर.

नुसतं वय बघून ठरत नाही. बघायचा तो फुग्याचा व्यास (ऑपरेशनचा विचार पुरुषांत साधारण 5.5, स्त्रियांत 5 सेंटिमीटरपासून), शिवाय हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं. अर्थात फारच खंगलेल्या रुग्णाचं आयुष्य दुरुस्तीने वाढेलच असं नाही. तिथे ऑपरेशन टाळणंही योग्य ठरू शकतं.